ग्वाल्हेरहून आई-बाबांना विमानाने आणायचंय? टर्मिनल नंतर बघा, आधी दुसरी फ्लाईट कधी आहे ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई-बाबा ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, तुम्ही पुण्यात, मेमध्ये मुलाची मुंज, बाबा ७६ चे आणि गुडघ्याने बेजार, आईला बीपी. ग्वाल्हेरला एवढं मोठं नवं टर्मिनल झालंय तर तिथूनच विमान घ्यावं की नेहमीसारखं रेल्वेने दिल्लीला जाऊन तिथून उडावं, हे तुम्हाला ठरवायचंय. आणि जाता जाता हेही विचारलंय की शिंद्यांचं शहर, दोन-दोन विमान वाहतूक मंत्री दिलेलं, तरी इथून फ्लाईट इतक्या कमी का. मी १९९४ पासून लश्करात तिकिटांचं काम करतो, आधी कार्बनची हाताने लिहायची तिकिटं होती, मग कॉम्प्युटर आले, आता लोक मोबाईलवर स्वतःच काढतात आणि फसले की माझ्याकडे येतात, त्यामुळे जे बघितलंय तेवढ्यावरूनच सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्ही प्रश्न "सोयी कशा आहेत" असा टाकलाय, पण तुमची खरी अडचण ती नाहीये. टर्मिनल छान आहे, त्यात वाद नाही. खरा प्रश्न असा की त्या दिवशी ती एक फ्लाईट उडाली नाही तर ७६ वर्षांचा माणूस दुपारी दोन वाजता मे महिन्यात महाराजपुऱ्याच्या विमानतळावर बसून काय करणार. दिल्लीत एक फ्लाईट रद्द झाली तर दोन तासांनी दुसरी असते, चार तासांनी तिसरी. ग्वाल्हेरला पुढची म्हणजे बहुतेक वेळा उद्याची, आणि काही रूटवर तर परवाची, कारण बऱ्याच फ्लाईट रोज नसतात. एवढं एक डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आता हे असं का, तर थोडा इतिहास सांगावा लागेल, तुम्ही विचारलाच आहे म्हणून. ग्वाल्हेरला विमान नवीन नाही हो. १९३७ साली टाटांनी मुंबई ते दिल्ली टपालाची विमानसेवा सुरू केली ती इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशी थांबत जायची. त्याच सुमाराला इंग्रजांच्या इम्पीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमानं कराचीहून कलकत्त्याकडे जाताना ग्वाल्हेर संस्थानातल्या माधोसागर तलावावर उतरायची, लंडनहून पूर्वेकडे निघालेला साहेब मधे आपल्याकडे पाय मोकळे करायचा. आमच्या आजोबांच्या पिढीतली मंडळी याच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायची. पुढे इंडियन एअरलाईन्सच्या काळातही दिल्ली-ग्वाल्हेर-भोपाळ-इंदूर-मुंबई अशीच थांबत थांबत जाणारी फ्लाईट होती, म्हणजे टाटांच्याच वाटेवरून. लोकल बससारखी. भोपाळला अर्धे उतरायचे, इंदूरला उरलेले, आणि मुंबईपर्यंत जाणाऱ्याला तोपर्यंत भूक लागलेली असायची.

म्हणजे त्या काळी ग्वाल्हेर वाटेवरचं गाव होतं म्हणून विमान थांबायचं. विमानांचा पल्ला वाढला, दिल्लीहून मुंबईला थेट दोन तासांत जायला लागली, तसं मधे थांबायचं कारणच संपलं. नुसता राजकारणाचा हिशोब लावणाऱ्यांना हे पटत नाही. माधवराव १९९१ ते ९३ विमान वाहतूक मंत्री होते, ज्योतिरादित्य २०२१ ते २४ होते. टर्मिनल मिळालं, उद्घाटनाच्या फ्लाईट मिळाल्या, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण मंत्री विमान आणू शकतो, त्यात रोज बसणारे दीडशे लोक नाही आणू शकत.

दुसरं आणि जास्त मोठं कारण म्हणजे धावपट्टी आपली नाहीये. महाराजपुऱ्याचं मैदान दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, आणि ते आज हवाई दलाचं स्टेशन आहे. १९८५ मध्ये मिराज २००० ही लढाऊ विमानं आली ती इथेच, कारगिलमध्ये इथलीच मिराज लढली, बालाकोटच्या वेळी २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे जी मिराज उडाली तीही इथूनच. त्या रात्री आमच्याकडे आवाजाने जाग आलेले लोक सकाळी बाड्यावर, म्हणजे गावातल्या मुख्य चौकात, चहा पिताना म्हणत होते "आज जास्तच सराव चाललाय वाटतं", आणि मग टीव्ही लागला. अशा ठिकाणी प्रवाशांसाठी जे टर्मिनल असतं त्याला सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात. म्हणजे इमारत आणि समोरचं विमान उभं करायचं अंगण एअरपोर्ट अथॉरिटीचं, धावपट्टी आणि एटीसी (विमानांना उतरायची-उडायची परवानगी देणारा कक्ष) हवाई दलाचं, आणि विमान तेवढं कंपनीचं. तीन मालक. भाड्याच्या वाड्यात राहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल, खोली तुमची, पण अंगणातून कधी जायचं ते घरमालक ठरवणार.

याचा प्रवाशाला त्रास काय? रोज नाही होत, खरं सांगायचं तर महिनोन् महिने काही होत नाही. पण नागरी विमानांना ठराविक वेळांचेच तास मिळतात, धावपट्टीचं काम निघालं की वेळा बदलतात, आणि सीमेवर काही झालं की पहिला परिणाम अशा ठिकाणी. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरनंतर ज्या विमानतळांच्या फ्लाईट पटापट रद्द झाल्या त्यात श्रीनगर, जम्मू, अमृतसर यांच्या जोडीला ग्वाल्हेरही होतं. इथून सीमा कुठे, पण मिराज इथे आहेत ना. त्या दिवशी माझ्याकडे तीन कुटुंबं होती लग्नाला निघालेली. दोन घरं पंजाब मेलने गेली, एकाने गाडी करून भोपाळ गाठलं.

लोक म्हणतात धावपट्टी छोटी आहे म्हणून मोठी विमानं येत नाहीत. हे चूक आहे. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून कुनोसाठी आठ चित्ते आले ते बोइंग ७४७ मधून, आणि ते विमान महाराजपुऱ्यालाच उतरलं. आधी जयपूरला उतरायचं ठरलं होतं, मग बदलून ग्वाल्हेर केलं, कारण इथून कुनो हेलिकॉप्टरने जवळ. जम्बो जेट उतरतं तिथे पुण्याची एअरबस का नाही उतरणार. अडतं ते सीट भरण्यावर.

सीट का भरत नाहीत? कारण रेल्वे. दिल्ली इथून सव्वातीनशे किलोमीटरच्या आत, गतिमान किंवा वंदे भारतने सव्वातीन-साडेतीन तास. विमानाने तासाभराचा प्रवास, पण बाड्यावरून भिंड रोडने महाराजपुरा पाऊण तास धरा, दीड तास आधी पोचा, दिल्लीत उतरून बॅगेची वाट बघा, झाले चार तास. जो माणूस फक्त दिल्लीला चाललाय तो विमानात कशाला बसेल? बसतो तो पुढे जाणारा, बेंगळुरू-हैदराबादवाला. म्हणजे दिल्ली फ्लाईट ही खरं तर जोडणी आहे, आणि जोडणीचा धंदा विमान कंपनीला तेव्हाच जमतो जेव्हा पुढचं तिकीटही तिचंच असतं. हा मुद्दा खाली परत येईल.

छोट्या गावांना विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेचंही सांगतो, कारण तुमच्या बाबांच्या लक्षात असेल की २०१७ मध्ये अलायन्स एअरची दिल्ली-ग्वाल्हेर-इंदूर सुरू झाली होती. त्या योजनेत साधारण तासाभराच्या प्रवासाला निम्म्या सीटवर अडीच हजाराच्या आसपास भाड्याची मर्यादा, आणि कंपनीला जे कमी पडतं ते सरकार तीन वर्षं भरून देणार, शिवाय त्या रूटवर तीन वर्षं दुसरा स्पर्धक नाही. बघा, तीन वर्षं. छोट्या गावातून फ्लाईट सुरू होतात, हार-तुरे होतात आणि तीन वर्षांनी किंवा त्याआधीच गुपचूप बंद होतात, याचं अर्धं गणित इथे आहे. मदत थांबली की विमान स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, आणि विमान फार महाग पोरगं आहे. पुढे खासगी कंपन्याही इथे आल्या, २०२१ मध्ये स्पाइसजेटने तर अहमदाबाद, मुंबई, पुणे असं सगळंच एकदम काढलं होतं. तेव्हा आमच्या इथल्या निम्म्या मराठी घरांना वाटलं चला, आता झेलम एक्सप्रेसने पुण्याला जाणं सुटलं. नाही सुटलं. रूट येतात, जातात, परत येतात, म्हणून पुण्याची थेट फ्लाईट तुमच्या तारखेला आहे का हे तिकीट काढायच्या दिवशी बघायचं, मागच्या वर्षी कोण कसं गेलं त्यावर जायचं नाही.

आता टर्मिनल. १० मार्च २०२४ ला उद्घाटन झालं, जवळपास २० हजार चौरस मीटर, गर्दीच्या तासाला १४०० प्रवासी सांभाळता येतील एवढं, खर्च ५०० कोटींच्या घरात. नाव राजमाता विजयाराजे सिंधिया, आमच्या घरात अजून शिंदेच म्हणतात. जुनं टर्मिनल ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा, एक फ्लाईट लेट झाली आणि दुसरीचे लोक आले की उभं राहायला जागा नसायची, म्हातारी माणसं बॅगांवर बसायची. आता बसायला भरपूर जागा, एसी, स्वच्छ बाथरूम, बाहेर गाडी थेट दारापर्यंत. तुमच्या बाबांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा असा की चालायचं अंतर दिल्लीच्या मानाने काहीच नाही. दिल्लीच्या टी-३ मध्ये गुडघेवाल्या माणसाला गेट येईपर्यंत देव आठवतो. खाण्यापिण्याचं मात्र मोठ्या एअरपोर्टसारखं समजू नका, घरून दशम्या-चटणी द्या. आईच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, आणि एक दिवसाच्या जास्त.

एक बारीक गोष्ट, हवाई दलाचं मैदान असल्यामुळे विमानातून आणि बाहेर फोटो काढायचे नाहीत, आणि उतरताना-उडताना खिडकीची झापं खाली करायला सांगितलं तर करायची. आमच्या एका पाहुण्यांनी मिराज दिसलं म्हणून हौसेने मोबाईल काढला आणि मग खाली उतरल्यावर अर्धा तास माफी मागत होते.

आता निर्णयाकडे. मी गिऱ्हाईकाला नेहमी ऋतू विचारतो आधी. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर धुकं. दिल्लीला कॅट-थ्री-बी म्हणून यंत्रणा आहे, विमान आणि पायलट त्यासाठी तयार असेल तर पन्नास मीटर दिसत असतानाही उतरता येतं. बहुतेक छोट्या विमानतळांवर साध्या यंत्रणेवर साडेपाचशे मीटर लागतात, त्यामुळे सकाळची फ्लाईट त्या दिवसांत मी म्हाताऱ्या माणसाला देतच नाही. पण तुमचं काम मेमधलं आहे, तेव्हा धुकं नाही, ऊन आहे. ४५-४६ ला ग्वाल्हेर सहज जातं. तापलेली हवा पातळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, म्हणून छोट्या विमानाला भर दुपारी वजन कमी करावं लागू शकतं. वजन कमी म्हणजे कधी सीट रिकाम्या, कधी बॅगा मागे. मुंजीचं सोवळं आणि आहेराच्या साड्या ज्या बॅगेत आहेत ती दुसऱ्या दिवशी आली तर काय होईल ते तुम्हीच ठरवा. म्हणून मेमध्ये सकाळची फ्लाईट, आणि कार्याचं सामान हातातल्या बॅगेत. बघा, हिवाळ्यात मी सकाळची टाळतो आणि उन्हाळ्यात सकाळचीच देतो, म्हणून "ग्वाल्हेरची फ्लाईट चांगली का" याला एकच उत्तर नसतं.

दुसरं मी बघतो ते विमान रात्री कुठे झोपतं. छोट्या गावात विमान सहसा मुक्कामाला नसतं, ते सकाळी दुसरीकडून येतं, आपल्याला उचलतं आणि जातं. त्याला आधीच्या दोन गावांत उशीर झाला की तो सगळा उशीर आपल्या गळ्यात. फ्लाईट नंबर टाकला की ते विमान आधी कुठून येतंय ते आता मोबाईलवर दिसतं, आदल्या चार-पाच दिवसांचं बघा. रोज पाऊण तास उशीर दिसला तर पुढची जोडणी दीड तासाची घेऊ नका. आणि कंपनीला एखादं विमान कमी पडलं तर ती कुठली फेरी रद्द करते? जिथे सगळ्यात कमी लोकांची बोलणी खावी लागतील ती. ग्वाल्हेर त्यात वर असतं. हे कडू आहे पण धंदा आहे.

तिसरं, आणि हे फार महत्त्वाचं, पीएनआर एक पाहिजे. समजा पुण्याला थेट नाही आणि दिल्लीहून किंवा मुंबईहून जोडून जायचंय. लोक काय करतात, ग्वाल्हेर-दिल्ली एका कंपनीचं, दिल्ली-पुणे दुसऱ्या कंपनीचं, बाराशे रुपये वाचवतात. पहिली रद्द झाली की पहिली कंपनी फक्त आपल्या तुकड्याचे पैसे परत देते, आणि दुसरी म्हणते तुम्ही वेळेवर आला नाहीत, तिकीट गेलं. दोघंही कायद्याने बरोबर. एकाच पीएनआरवर असेल तर पुण्यापर्यंत पोचवायची जबाबदारी एकाचीच. मी स्वतः ही चूक केली आहे हो, धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांतली नाही, चांगली मुरल्यावरची. माझ्याच मावसबहिणीचं तिकीट, स्वस्त पडतंय म्हणून दोन तुकड्यांत काढलं, ग्वाल्हेरची फ्लाईट चार तास लेट, दिल्लीची गेली, आणि रात्री अकराला तिला नवीन तिकीट काढून दिलं ते माझ्या खिशातून, आधीच्या दोन्ही तिकिटांच्या बेरजेपेक्षा महाग. ती अजून चारचौघांत सांगते. एकच पीएनआर असला तरी दिल्लीत टर्मिनल बदलतंय का ते बघा, टी-१ आणि टी-३ एकमेकांच्या शेजारी नाहीत, मधे बस घ्यावी लागते, आणि तिथे तुमच्या बाबांचे हाल होतील.

हक्काचं थोडक्यात सांगतो, कारण काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. छोट्या फ्लाईटला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं त्यांनी द्यायचं. सहा तासांच्या वर जात असेल तर दुसरी फ्लाईट किंवा पूर्ण पैसे, निवड तुमची. रद्द केली आणि वेळेत कळवलं नसेल तर विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या नियमात तासाभरापर्यंतच्या फ्लाईटला ५ हजार, दोन तासांपर्यंत साडेसात, त्यावर १० हजार, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी ते. दोन आठवडे आधी कळवलं असेल तर भरपाई नाही. आणि हवामान, एटीसी, सुरक्षा ही कारणं असतील तर भरपाई नाही, म्हणजे धावपट्टी हवाई दलाने बंद ठेवली तर भरपाईसाठी भांडून उपयोग नाही, पण पैसे परत किंवा दुसरी फ्लाईट तेव्हाही मिळते. लोक उलटं करतात, भरपाईवर दोन तास वाद घालतात आणि तोवर उद्याच्या फ्लाईटच्या सीट संपतात. आधी सीट पकडायची.

आता रेल्वेचा आधार. बरेच जण म्हणतात फ्लाईट गेली तर तत्काळ काढू. पण एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं. तुमची फ्लाईट दुपारी बाराला रद्द झाली तर उद्याचं तत्काळ दोन तासांपूर्वीच संपलेलं असतं, आणि आजच्या गाडीला चार्टनंतर उरलेली एखादी सीट मिळाली तर मिळाली. म्हणून मी मोठ्या कार्याला जाणाऱ्यांना सांगतो, गोवा एक्सप्रेस किंवा झेलमचं एक तिकीट त्याच दिवशीचं किंवा दुसऱ्या दिवशीचं काढून ठेवा, विमानात बसलात की रद्द करा, इतक्या उशिरा रद्द केल्यावर बरेच पैसे कापले जातात हे मान्य. काहींना ही उधळपट्टी वाटते. मला तो मुंजीचा विमा वाटतो.

दिल्लीमार्गे रेल्वे अधिक विमान हा जो तुमचा नेहमीचा मार्ग आहे तो वाईट नाही, पण त्याचेही काटे आहेत. वंदे भारत दुपारी निजामुद्दीनला पोचवते, गतिमान संध्याकाळी, आणि दोन्ही आठवड्यातून एकेक दिवस नसतात. शताब्दी दिल्लीला पोचते ती मध्यरात्रीच्या सुमाराला, ती विमानासाठी उपयोगाची नाही. म्हणजे वंदे भारत घेऊन संध्याकाळची पुणे फ्लाईट, मधे टॅक्सीने निजामुद्दीन ते एअरपोर्ट. तुमच्यासारख्या चाळिशीच्या माणसाला हे सोपं. पण यात बॅगा तीनदा उचलायच्या, निजामुद्दीनचा पूल चढायचा, टॅक्सीवाल्याशी हुज्जत, आणि सोबत कोणी नसेल तर मी ७६ वर्षांच्या माणसाला हे सांगणार नाही.

मग तुमच्या बाबतीत मी काय केलं असतं? मेमधल्या तारखेला पुण्याची थेट फ्लाईट असेल तर तीच, डोळे मिटून, फक्त मुंजीच्या किमान दोन दिवस आधीची, आदल्या दिवशीची मुळीच नाही. थेट नसेल तर मुंबईची थेट बघा आणि तुम्ही गाडी घेऊन मुंबईला जा, दिल्लीची जोडणी पकडण्यापेक्षा आई-बाबांना द्रुतगती मार्गाने चार तास मुलाबरोबर बसणं कितीतरी सोपं. तेही नसेल तर एकाच पीएनआरवर दिल्लीमार्गे, मधे कमीत कमी तीन तास. आणि तिन्ही जमत नसेल तर सरळ गोवा एक्सप्रेस, एक रात्र झोपून जायचं, सेकंड एसीची खालची बर्थ, डबा घरचा. लोकांना हे मागासलेलं वाटतं, पण माझ्या अनुभवात सत्तरीच्या पुढची मंडळी रेल्वेतून जास्त ताजी उतरतात. येताना मात्र घाई नसते, तेव्हा परतीला ग्वाल्हेरची फ्लाईट बिनधास्त घ्या, एक दिवस पुण्यात जास्त राहायला लागलं तर आजी-आजोबांना आनंदच.

तिकीट केव्हा काढताय त्याकडेही लक्ष द्या. विमानांचं वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत मेचं तिकीट काढलंत तर ते कंपनीने अजून पक्कं न केलेल्या वेळापत्रकावरचं असू शकतं, आणि छोट्या गावांच्या वेळाच सगळ्यात आधी हलतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पीएनआर परत तपासा, आणि मोबाईल नंबर तुमचा टाका, बाबांचा नको, कारण वेळ बदलल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर गेला तर तो शुभ प्रभातच्या फोटोंखाली गाडला जातो.

सामानाचं एक, आई मुंजीला म्हणून हमखास लोणचं, तूप आणि खोबऱ्याच्या वाट्या बांधणार. लोणचं-तूप नीट सील करून आत जाणाऱ्या बॅगेत, हातात ठेवलं तर सिक्युरिटीला काढून घेतील. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर कुठल्याच बॅगेत नको, तेल असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं. पुण्यात खोबरं मिळतं म्हणून सांगा, रागावतील पण ऐकतील.

राहिली व्हीलचेअर. ती तिकीट काढतानाच मागायची, निदान ४८ तास आधी तरी, आणि नुसतं "व्हीलचेअर हवी" असं नाही. तीन प्रकार असतात, जिना चढू शकतो पण लांब चालू शकत नाही तो एक, जिना चढू शकत नाही तो दुसरा, आणि सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं तो तिसरा. ऑनलाईन लोक पहिलाच टिक करतात कारण तो वर असतो. मग छोट्या विमानाला जिन्याने चढायची वेळ आली की खाली खुर्ची उभी, वर विमान, आणि मधे बाबा. दुसरा प्रकार टाकला तर उचलून वर न्यायची सोय कंपनीला आधीच करून ठेवावी लागते. तेव्हा आज रात्री फोन कराल तेव्हा बाबांना "कसे आहात" असं विचारू नका, ते "मस्त" म्हणणार. आईला विचारा, की घरातला माडीचा जिना ते हल्ली चढतात का.